व्हॉल्व्हचा ॲम्प आणि फ्लॅटच्या भिंती

१९६६ साली लंडनमधील वेस्ट हॅम्पस्टेडच्या डेका स्टुडिओत जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या संचाचे ध्वनिमुद्रण चालू होते. गिटारवादकाने ॲम्पचा, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचा, आवाज बेताचा ठेवावा आणि माइक जवळ लावावा, असा त्या वेळच्या स्टुडिओंचा शिरस्ता होता. संचाचा गिटारवादक एरिक क्लॅप्टनने तो मोडला आणि आपला मार्शल ॲम्प मंचावर वाजवत असे तितक्याच मोठ्याने वाजवला. त्या ध्वनिमुद्रिकेतला भरदार, कडांना किंचित फाटलेला आणि तरीही लांबत जाणारा स्वर पुढच्या पिढ्यांच्या कानांत असा बसला, की आज पुण्यात किंवा ठाण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहून व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, ॲम्प विकत घेणारा माणूसही मनातून त्याच स्वराच्या शोधात असतो. फरक इतकाच, की स्टुडिओच्या भिंती त्या कामासाठी बांधलेल्या असतात आणि आपल्या भिंतीपलीकडे कोणाची तरी दहावीची परीक्षा चालू असते.

या अडचणीवर दोन टोकांचे सल्ले सर्रास ऐकू येतात. एक म्हणतो, व्हॉल्व्हचा ॲम्प मोठ्याने वाजल्याशिवाय खुलत नाही, तेव्हा घरी नाद सोडा. दुसरा म्हणतो, ॲम्प विकून टाका आणि संगणकावर ॲम्पची नक्कल करणारी आज्ञावली, म्हणजे प्लगइन, घ्या. दोघेही एक गोष्ट विसरतात. ॲम्पने आतल्या आत कितीही मेहनत केली, तरी खोलीतली हवा हलेपर्यंत शेजाऱ्याला काहीही ऐकू जात नाही. गिटारच्या तारेपासून माइकपर्यंतची साखळी नेमकी कुठे तोडावी आणि तिथे जे हरवते ते कशाने भरून काढावे, एवढे ठरवले की निम्मे काम झाले.

ही साखळी आधी नीट पाहू. तार कंपन पावते, तारांखाली बसवलेला चुंबकीय पिकअप त्या कंपनाचा काहीशे मिलिव्होल्टचा विद्युतसंदेश करतो, तो संदेश ॲम्पमधल्या प्रीॲम्पच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, लहान व्हॉल्व्हमध्ये वाढतो, तिथून पॉवर व्हॉल्व्हकडे जातो, पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरला मिळतो, स्पीकरचा कागदी शंकू हवा ढकलतो आणि ती हवा माइकवर आदळते. जुन्या पिढीला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवल्यावर आतले दिवे तांबूस होईपर्यंत थांबावे लागे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने असे व्हॉल्व्ह एके काळी आपल्याकडेही बनवले. ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओतून ते हद्दपार झाले, पण गिटारच्या ॲम्पमध्ये टिकून राहिले, आणि टिकण्याचे कारण त्यांचा एक दोष आहे. झेपेल त्याहून मोठा संदेश मिळाला की व्हॉल्व्ह त्याची शिखरे दाबतो आणि त्या दबण्यातून मूळ स्वराच्या पटीतले नवे स्वरांश तयार होतात. तानपुऱ्याच्या षड्जातून स्वयंभू गंधार ऐकणाऱ्या कानांना स्वरांशांची ही कल्पना नवी नाही. तिथे ते तारेतून आणि जवारीतून येतात, इथे बिघडलेल्या, म्हणजे मुद्दाम बिघडवलेल्या, विजेच्या लहरीतून.

या साखळीतल्या पहिल्या चार-पाच कड्यांना जवळजवळ आवाजच नसतो. गोंगाट फक्त शेवटच्या दोन कड्यांचा, म्हणजे स्पीकरचा आणि हवेचा.

वॉटचा फसवा हिशोब

घरात वाजवायचा म्हणून कमी वॉटचा ॲम्प घ्यावा, हा सल्ला वरवर बरोबर वाटतो; आकडे मांडले की त्याचे पाणी कळते. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप गुणाकाराचे आहे. शक्ती दहापट झाली की पातळी १० डेसिबलने वाढते, पण कानाला तो आवाज साधारण दुप्पटच वाटतो. याचा अर्थ ५० वॉटच्या ऐवजी ५ वॉटचा ॲम्प आणला, तर पूर्ण जोरात वाजवताना तो दहापट हळू नव्हे, फक्त निम्म्यावर आलेला वाटेल.

त्यातही गिटारचे स्पीकर हे अतिशय कार्यक्षम असतात. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा लोकप्रिय बारा इंची स्पीकर घ्या. त्याला फक्त १ वॉट दिला तरी एक मीटर अंतरावर १०० डेसिबलची पातळी मिळते. ५० वॉट दिले तर त्यात १७ डेसिबलची भर पडून ती ११७ वर जाते. विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली चांगली भिंत साधारण ४५ डेसिबल अडवते. म्हणजे अगदी ढोबळ हिशोबाने, ५० वॉटला शेजारच्या खोलीत ७० च्या वर पातळी पोहोचते आणि १ वॉटलाही ५५ च्या घरात. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हे लक्षात घेतले की ‘एकच वॉटचा तर आहे’ या वाक्यातला भाबडेपणा दिसतो. शिवाय भिंत ४५ डेसिबल अडवत असली, तरी आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि दाराखालची फट त्याच्या आसपासही जात नाहीत, आणि आवाज पाण्यासारखाच सर्वांत कच्च्या जागेतून वाट काढतो.

उलट बाजूने मोजून पाहावे. एक मीटरवर ७० डेसिबल, म्हणजे जरा चढ्या आवाजातल्या गप्पांइतकी पातळी हवी असेल, तर त्या स्पीकरला किती शक्ती लागेल? एक मिलिवॉट, म्हणजे वॉटचा हजारावा भाग. घरी, रात्री, दार लावून वाजवताना आपल्याला खरोखर हवी असलेली शक्ती इतकी किरकोळ असते. म्हणून १०० चा ॲम्प की २० चा, या वादाला शांततेच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. मार्शलने २०१२ साली आपल्या पन्नाशीनिमित्त १ वॉटचे ॲम्प काढले होते. तेही पूर्ण उघडले की बैठकीच्या खोलीला पुरून उरतात.

आधी कानांची खात्री करून घ्यावी

पैसे खर्च करण्यापूर्वी एक साधा प्रयोग करावा, असा माझा आग्रह आहे, कारण मोठ्या आवाजाला आपण जे श्रेय देतो त्यातले बरेचसे आपल्या कानांचे असते. १९३३ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिले, की पातळी कमी असताना कानाला खर्जाचे स्वर आणि अतितार स्वर तुलनेने फार कमी ऐकू येतात आणि पातळी वाढली की ही दरी बुजत जाते. त्यामुळे हळू वाजवलेला कोणताही ॲम्प खोलीत बसून ऐकताना किरटा, मध्यमातच अडकलेला वाटतो. पण माइकला हा दोष नसतो. माइकने टिपलेला हळू आवाज नंतर आपण हेडफोनमध्ये नेहमीच्या पातळीवर ऐकतो, तेव्हा तो किरटेपणा पुष्कळसा निघून गेलेला असतो. म्हणूनच हळू रेकॉर्ड करताना खोलीतल्या कानावर विश्वास ठेवून ॲम्पवरचे बास आणि ट्रेबल वाढवत बसू नये; दोन मिनिटे रेकॉर्ड करून, ऐकून, मगच बटणाला हात लावावा.

आता ॲम्पमधला मास्टर व्हॉल्यूम. फाटलेला स्वर दोन ठिकाणी तयार होऊ शकतो: प्रीॲम्पच्या लहान व्हॉल्व्हमध्ये, ज्यांना युरोपात ईसीसी ८३ आणि अमेरिकेत १२एएक्स७ म्हणतात, किंवा पुढच्या ईएल ३४, ६एल६ यांसारख्या दणकट पॉवर व्हॉल्व्हमध्ये. साठच्या दशकातल्या ॲम्पमध्ये या दोहोंच्या मध्ये आवाज अडवणारे काही नसे, म्हणून फाटलेला स्वर हवा तर सगळे उघडावे लागे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात मार्शलने मास्टर व्हॉल्यूमचे ॲम्प आणले आणि प्रीॲम्प चढवून पुढचा भाग आवळून ठेवण्याची सोय झाली. त्यानंतरच्या हेवी मेटल आणि हार्ड रॉकचा बहुतेक स्वर प्रीॲम्पमधूनच येतो. अशा प्रकारचे संगीत वाजवणाऱ्याला पॉवर व्हॉल्व्ह तापवण्याची गरज लोक सांगतात तितकी नसते. मास्टर जेमतेम उघडून, माइक स्पीकरला अगदी चिकटवून केलेले रेकॉर्डिंग त्याला पुरेसे होण्याची शक्यता बरीच आहे.

माइक शूरचा एसएम ५७ असला तरी चालतो. १९६५ पासून तो गिटारच्या स्पीकरसमोर उभा आहे आणि त्याची किंमतही आवाक्यातली आहे. स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, शंकूच्या मध्यावरच्या टोपीसमोर तो धरला तर स्वर धारदार येतो. तिथून कडेकडे एकेक बोट सरकवत नेला की तो गोल आणि मऊ होत जातो. ॲम्पच्या सगळ्या बटणांनी मिळून होणार नाही इतका बदल या चार बोटांच्या अंतरात होतो. हळू वाजवताना मात्र दुसरीच अडचण उभी राहते: ॲम्पचा आवाज कमी झाल्याने भोवतालचा आवाज त्याच्या बरोबरीला येतो. पंखा, रिक्षा, वरच्या मजल्यावरची खुर्ची, आणि माझ्या बाबतीत खालच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या. इतकेच नव्हे, तर इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवर पडणारा प्लेक्ट्रमचा, म्हणजे तारा छेडायच्या पट्टीचा, टकटकाटही माइकमध्ये जातो. त्यासाठी ॲम्प एका खोलीत आणि वादक लांब केबल घेऊन दुसऱ्या खोलीत, ही जुनीच युक्ती उत्तम.

पॉवर व्हॉल्व्ह खरोखरच तापवायचे असतील तर

साठच्या दशकातला स्वर हवा असेल, किंवा ॲम्पलाच मास्टर व्हॉल्यूम नसेल, तर साखळी पॉवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मध्ये तोडावी लागते. इथे एक गोष्ट अक्षरशः जिवावरची आहे, निदान ॲम्पच्या. व्हॉल्व्हच्या ॲम्पची स्पीकरची केबल काढून तो नुसता वाजवता येत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे भार असलाच पाहिजे. तो नसेल, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये साठणाऱ्या ऊर्जेला बाहेर पडायला जागा राहत नाही, त्याच्या प्राथमिक वेटोळ्यात व्होल्टेज भलतेच उसळते आणि वेटोळ्याचे आवरण किंवा व्हॉल्व्हचे सॉकेट जळते. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटते, कारण त्यांचे उलट असते. ते भाराविना मजेत राहतात, शॉर्ट सर्किट मात्र सहन करत नाहीत. तितकीच मोठी चूक म्हणजे ॲम्पच्या स्पीकर आउटपुटची केबल थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्रात, खोचणे. ५० वॉट आणि ८ ओहमचा विरोध असताना तिथे २० व्होल्ट असतात. इंटरफेसची लाइन पातळी साधारण सव्वा व्होल्टची.

भार दोन प्रकारे देतात. ॲटेन्युएटर हे यंत्र ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसते, बहुतेक शक्तीची उष्णता करून टाकते आणि उरलेली थोडी स्पीकरला देते. लोड बॉक्स सगळीच शक्ती गिळतो आणि फक्त एक लहानसा लाइन संदेश बाहेर काढतो, म्हणजे खोलीत पूर्ण शांतता. या यंत्रांना किती काम पडते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: पूर्ण उघडलेला ५० वॉटचा ॲम्प लहरीची शिखरे सपाट करतो आणि सपाट लहर पन्नासाहून बरीच जास्त, गणिताने शंभरपर्यंतही, शक्ती देऊ शकते. एवढी उष्णता जुन्या शंभराच्या बल्बइतकी झाली. म्हणून यंत्राची क्षमता ॲम्पच्या छापील वॉटच्या दुप्पट असावी आणि त्यावर ओढणी, वही किंवा चहाचा कप ठेवू नये. ॲम्पपासून यंत्रापर्यंत स्पीकरचीच जाड केबल वापरावी. गिटारची बारीक, आवरणवाली केबल त्या प्रवाहासाठी नसते, आणि ती मध्येच तुटली तर पुन्हा तोच भाराविना वाजण्याचा धोका.

या यंत्रांची कहाणी बॉस्टन या संचाच्या टॉम शोल्झशी जोडलेली आहे. एमआयटीत शिकलेला आणि पोलरॉइड कंपनीत अभियंता असलेला शोल्झ नोकरी सांभाळून घराच्या तळघरात ध्वनिमुद्रण करत असे. १९७६ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा मोठा भाग त्या तळघरातलाच आहे. पुढे त्याने पॉवर सोक नावाचा ॲटेन्युएटर विकायला काढला. जगभर गाजलेला गिटारचा स्वर घरी तयार होऊ शकतो, याला याहून चांगला दाखला सापडणार नाही.

स्वस्त आणि महाग यंत्रांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. स्पीकरवर ‘८ ओहम’ छापलेले असले तरी तो नेहमी ८ ओहमचा नसतो. खर्जात, ७५ ते ११० हर्ट्झच्या आसपास, शंकू स्वतःच्या अनुनादावर डोलू लागतो आणि तिथे त्याचा विरोध छापील आकड्याच्या कित्येक पट होतो. पुढे तो खाली येतो आणि तार स्वरांकडे जाताना वेटोळ्यामुळे पुन्हा चढत जातो. व्हॉल्व्हच्या ॲम्पची स्पीकरवरची पकड सैल असते, म्हणून विरोध जिथे जास्त तिथे त्याचा आवाजही वाढतो. खर्जातला तो धप्प करणारा जोर आणि वरची चमक ही अर्धी या जोडगोळीची करामत असते. साधे रेझिस्टर वापरणारे यंत्र ॲम्पला सर्वत्र सारखाच विरोध दाखवते; ॲम्प सुखरूप राहतो, पण स्वर सपाट आणि निस्तेज होतो. रिॲक्टिव्ह लोड म्हणवणाऱ्या यंत्रांत कॉइल आणि कपॅसिटर जोडून स्पीकरचा तो चढउतार हुबेहूब उभा केलेला असतो. फ्रान्सच्या टू नोट्स कंपनीचा कॅप्टर, युनिव्हर्सल ऑडिओचा ऑक्स, सूर कंपनीचा रिॲक्टिव्ह लोड ही यातली परिचित नावे. वेबरने तर आपल्या ॲटेन्युएटरमध्ये शंकू नसलेली खरी स्पीकरची मोटरच बसवली. थोडाच आवाज कमी करायचा असेल तर साधा ॲटेन्युएटर चालून जातो. रात्री अकराला वाजवायचे असेल तर पैसे रिॲक्टिव्ह लोडवरच घालावेत, असे माझे मत आहे. आणि हेही जाणून असावे, की खोली शांत असली तरी पॉवर व्हॉल्व्ह मात्र पूर्ण जोरात राबत असतात आणि त्या मानाने लवकर झिजतात.

एका टाळीत सगळी खोली

लोड बॉक्समधून निघालेला संदेश तसाच ऐकला तर निराशा होते. डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा तो करकरतो. कारण स्पीकर हा नुसता भोंगा नसून एक कडक चाळणही आहे. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे तो झपाट्याने गाळून टाकतो. स्पीकर काढून टाकल्यावर ती चाळण दुसरीकडून आणावी लागते आणि आज ती इम्पल्स रिस्पॉन्स नावाच्या लहानशा ध्वनिफाइलमधून येते.

ही कल्पना सुंदर आहे. एखाद्या दगडी देवळाच्या सभामंडपात उभे राहून एकच टाळी वाजवा. टाळी क्षणात संपते, पण तिच्या मागे जो नाद रेंगाळतो त्यात त्या मंडपाची उंची, दगड, खांब या सगळ्यांची सही असते. आता समजा ती सही तुम्ही टिपून ठेवली. मग कोणताही आवाज हा लहानमोठ्या टाळ्यांची अखंड रांग आहे असे मानायचे, प्रत्येक टाळीमागे तीच सही त्या-त्या जोराने जोडायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. म्हणजे तो आवाज त्या मंडपात झाल्यासारखा ऐकू येतो. संगणक हेच सेकंदाला ४८,००० वेळा करतो, फक्त मंडपाच्या जागी स्पीकर, त्याची लाकडी पेटी आणि समोरचा माइक असतो. गिटारच्या स्पीकरची सही फार आखूड असते. २,०४८ नमुन्यांत, म्हणजे साधारण ४३ मिलिसेकंदांत, ती पूर्ण मावते. याचा अर्थ कोणत्याही स्टुडिओतला चार स्पीकरचा पेटारा आणि त्यासमोर काळजीपूर्वक लावलेला माइक तुम्हाला काही किलोबाइटमध्ये मिळतो.

यात काय येत नाही, तेही सांगायला हवे. सही एकच असल्याने ती हळू आणि जोरात सारखीच लागू होते. खरा स्पीकर मात्र जोर वाढला की दबतो, त्याचा कागद स्वतः थोडा फाटतो आणि २५ वॉटच्या जुन्या पद्धतीच्या ग्रीनबॅक स्पीकरमध्ये तर हा स्वभाव ठळक असतो. शिवाय स्पीकरची हवा गिटारच्या तारांना पुन्हा हलवून स्वर लांबवते, तो खेळ हेडफोनवर मिळत नाही. पहिली उणीव मिश्रणात, ढोल आणि बेससोबत, बहुधा कोणाच्याही लक्षात येत नाही. दुसरी वादकाच्या बोटांना जाणवते आणि तिच्यावर मला आजवर मनाजोगता उपाय सापडलेला नाही.

व्यवहारात एक चूक पुष्कळांकडून होते: शंभर-दोनशे इम्पल्स फाइली उतरवून रात्र त्या बदलण्यात घालवणे. दोन-तीन निवडाव्यात, बाकीच्या पुसाव्यात. तुलना करताना सगळ्यांचा आवाज समान पातळीवर आणावा, कारण कानाला अर्ध्या डेसिबलने मोठी फाइलही ‘चांगली’ वाटते. रेकॉर्डिंग २४ बिटवर करावे आणि शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत. लाल दिव्यापर्यंत नेण्याची कॅसेटच्या काळातली सवय इथे नुकसानच करते. लोड बॉक्समध्येच स्पीकरची नक्कल चालू असेल तर संगणकावर पुन्हा इम्पल्स लावू नये. दोन चाळण्यांतून गेलेला स्वर गोधडीखालून आल्यासारखा येतो.

गोधडीचा उल्लेख झालाच आहे तर पेटीबद्दलही बोलून घेऊ. स्पीकर आणि माइक बंद पेटीत ठेवून साखळी न तोडताच आवाज कोंडायचा, हा मार्ग सुतारकामाची आवड असणाऱ्यांना मोहात पाडतो. आवाज अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबलचा लाभ, हा भौतिकशास्त्राचा हिशोब आहे. फोम, अंड्यांचे ट्रे आणि रजया आतला प्रतिध्वनी शोषतात, पण आवाज बाहेर जाण्यापासून फारसा रोखत नाहीत. गिटारच्या जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा, त्याची तरंगलांबी चार मीटरहून जास्त. दोन इंची फोमची त्याला जाणीवही होत नाही. आणि पेटी लहान असेल तर आतल्या समोरासमोरच्या भिंती स्वतःचाच स्वर लावतात. ५० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन भिंती ३४३ हर्ट्झला घुमतात, जो नेमका ‘खोक्यातून येतोय’ असे वाटायला लावणारा पट्टा आहे. कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटात ॲम्पची स्पीकरपेटी ठेवणे हा त्यातल्या त्यात बरा घरगुती उपाय आहे, पण ॲम्पचे डोके बाहेर, हवेशीर ठेवावे; व्हॉल्व्ह तापतात आणि कपाटात साड्या असतात. जमिनीवर ठेवलेली पेटी खालच्या मजल्याच्या छताला थेट हादरे देते, म्हणून तिच्याखाली जाड रबर किंवा एखादी घडी केलेली गादी हवीच.

गुणगुण आणि अर्थिंग

शांत रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत आधी ऐकू येते ती वीज. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज असल्याने गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची येते. ॲम्प, लोड बॉक्स, इंटरफेस आणि लॅपटॉप वेगवेगळ्या प्लगांतून अर्थला जोडले की अर्थचे वेटोळे बनते आणि त्यात ती शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा; गुणगुण थांबली तर दोषी सापडला. सगळी यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेणे आणि संदेशाच्या मार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणे हे योग्य उपाय. अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय नव्हे. ॲम्पच्या आत चारशेच्या आसपास व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहतात, आणि तुम्ही हातात धरलेल्या तारा त्याच धातूच्या चौकटीला जोडलेल्या असतात. जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतेच असते. ॲम्प घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावे. अमेरिकेहून कोणी नातेवाइकाने आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असू शकतो. त्याच्या मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

वाजवणे रात्री, आवाज दुपारी

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत शहाणा उपाय रीॲम्पिंगचा आहे. त्यात साखळी तोडायची ती पार सुरुवातीला, गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये. रात्री गिटार थेट इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये लावायची, हेडफोनवर कोणत्याही फुकटच्या प्लगइनचा स्वर ऐकत वाजवायचे, पण जतन करायचा तो गिटारचा कोरा, कोणताही संस्कार नसलेला संदेश. चुका करा, बारा वेळा वाजवा, एकेक ओळ निवडा. कोणालाही काही ऐकू जात नाही. मग दिवसाउजेडी तोच कोरा संदेश इंटरफेसमधून बाहेर काढून ॲम्पला द्यायचा. मध्ये रीॲम्प बॉक्स नावाची डबी लागते, कारण इंटरफेसचा लाइन संदेश गिटारहून बराच मोठा आणि वेगळ्या स्वभावाचा असतो; ती डबी त्याला पुन्हा पिकअपसारखा करते.

यामुळे वाजवण्याचा वेळ आणि गोंगाटाचा वेळ वेगळे होतात. तीन रात्री खपून बसवलेल्या चार मिनिटांच्या गाण्याला प्रत्यक्ष आवाज चार मिनिटेच लागतो. माइक सरकवणे, बटणे फिरवणे हे धरून पंधरा मिनिटे. घरात तेही अशक्य असेल, तर ॲम्प आणि लॅपटॉप घेऊन तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये जावे आणि तिथे खरा स्पीकर, खऱ्या जोरात, मनसोक्त वाजवावा. आता न्यूरल ॲम्प मॉडेलर या मुक्त आज्ञावलीने आणखी एक दार उघडले आहे: ठरावीक चाचणी संदेश काही मिनिटे ॲम्पमधून पाठवून, आलेला आवाज रेकॉर्ड करून, संगणकाला त्या ॲम्पचा त्या क्षणीचा स्वभाव शिकवता येतो. बटण फिरवले की स्वभाव बदलतो, म्हणून हव्या असलेल्या प्रत्येक मांडणीची वेगळी नोंद करावी लागते. पण जॅमरूमच्या एका तासात अशा पाच-सहा नोंदी सहज होतात आणि त्या घरी वर्षभर पुरतात.

मी स्वतः अजून दुपारच्या पंधरा मिनिटांवरच आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवतो, खिडक्या लावतो, रबराच्या दोन चकत्या पेटीखाली सरकवतो आणि ॲम्प व्हॉल्व्ह तापेपर्यंत तसाच ठेवतो. काकूंची अट एकच आहे: त्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत सुरू करायचे नाही, कारण माझ्या आवाजात त्यांना त्या मोजता येत नाहीत. माझ्याही माइकला ते सोयीचेच पडते.